सेल म्हणजे निव्वळ पडून राहिलेला माल? ‘ताळेबंद’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय ‘ताळेबंद’,

आपण कोण आहात हे मला ठाऊक नाही, पण घेतलेल्या नावावरून आणि प्रतिक्रियेतल्या नेमकेपणावरून आपला दुकानदारीशी, किंवा निदान हिशेबाच्या वह्यांशी, जवळचा संबंध असावा असा माझा तर्क आहे. ‘जानेवारीतला पांढरा माल’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया बोचरी आहे, परंतु विचारपूर्वक लिहिलेली आहे. त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेतल्या डिपार्टमेंट स्टोअर्समध्ये चादरी, भांडी, फर्निचर आणि तयार कपडे यांचे सेल कसे लागत, याचे वर्णन मी त्यात केले होते. आपले म्हणणे असे की, आधी भाव चढवायचा, मग तो उतरवल्याचे नाटक करायचे आणि पडून राहिलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा, यापलीकडे सेलमध्ये काही नसते. फिलाडेल्फियाचा दुकानदार जॉन वानामेकर याला मी नको तितके डोक्यावर घेतले. आणि काउंटरमागे दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींबद्दल मी अवाक्षर काढले नाही.

दुसरा आक्षेप मी विनातक्रार मान्य करतो. ‘एकच भाव’ ही पद्धत वानामेकरने शोधली असे माझ्या लेखात वाक्य होते आणि ते चुकीचे आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे व्यापारी सतराव्या शतकापासूनच घासाघीस नाकारत आले होते, कारण दहाची वस्तू पंधराला सांगून मग बारावर येणे हे त्यांच्या लेखी सरळसरळ खोटे बोलणे होते. न्यूयॉर्कमध्ये ए. टी. स्टुअर्टचे संगमरवरी दुकान १८४६ मध्ये उघडले, तिथेही भाव ठरलेलेच होते. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानात १८५२ साली भागीदार म्हणून आलेल्या आरिस्तीद बूसिको यांनीही तोच मार्ग धरला. वानामेकरने ही पद्धत रेल्वेच्या जुन्या मालधक्क्यात १८७६ साली थाटलेल्या आपल्या अवाढव्य दुकानात राबवली आणि तिचा डांगोरा पिटला. डांगोरा पिटण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, एवढेच श्रेय त्याला द्यावे.

मात्र ही चूक दुरुस्त करताना एक गोष्ट अधिक स्पष्ट होते, आणि तिचा संबंध आपल्या पहिल्या आक्षेपाशी आहे. जिथे प्रत्येक गिऱ्हाइकाशी वेगळा भाव ठरतो, तिथे सेल लागूच शकत नाही, कारण उतरवायला मुळात ठरलेला भावच नसतो. माझ्या आजोळी तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान होते. भांडे तागडीत घालायचे, धातूचा दर गुणिले वजन, त्यावर मजुरी, आणि जुने भांडे आणले असेल तर त्याची मोड वजा, असा तिथला हिशेब. त्या दुकानात कोणी ‘जानेवारीत पंचवीस टक्के सूट’ अशी पाटी लावली असती, तर आजोबांनी त्याला वेड्यात काढले असते. दर बाजाराचा होता आणि मजुरीवर घासाघीस रोजचीच होती. सूट कशावर देणार? चिठ्ठीवर छापलेला भाव आल्यानंतरच तो खोडून त्याखाली दुसरा लिहिणे शक्य झाले. सेल हे एकभावी दुकानाचे अपत्य आहे, आणि घासाघिशीची जागा त्याने घेतली ती अशी की, भाव आता गिऱ्हाइकाच्या जिभेवर न उतरता तारखेवर उतरू लागला.

आता ‘पडून राहिलेला माल’ याविषयी. आपले हे म्हणणे कपड्यांच्या बाबतीत पुष्कळसे खरे आहे, पण चादरी आणि फर्निचर यांच्या बाबतीत ते लागू पडत नाही. माझ्या लेखात मी दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले, हा माझा दोष. तुम्ही ते तसेच बांधलेले उचललेत. आपल्याकडच्या बोहारणीला हा फरक कोणी शिकवावा लागला नाही. ती जुन्या साड्या आणि विजारी घेते आणि बदल्यात भांडे देते, आणि तेवढ्यासाठी दारात अर्धा तास हुज्जत घालते. कापडाची किंमत दर पावसाळ्यागणिक घसरते आणि पातेल्याची घसरत नाही, या एका गोष्टीवर तिचा सगळा धंदा उभा आहे.

वानामेकरचा पांढऱ्या मालाचा पहिला सेल जानेवारी १८७८ मधला. पांढरा माल म्हणजे चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, टेबलक्लॉथ आणि त्यांच्याच जोडीला बायकांचे मलमलचे परकर व रात्रीचे झगे. नाताळ संपला की दुकान ओस पडे, आणि भाडे, पगार व कोळशाचा खर्च मात्र थांबत नसे. ही चादर जुनी होत नाही. मार्चमध्येही ती तितकीच चादर असते. त्यामुळे तिला घाईने काढून टाकण्याचे दुकानदाराला काहीच कारण नव्हते. घाई होती ती रिकामा महिना भरून काढण्याची. म्हणून काही महिने आधीच गिरण्यांकडे मोठी मागणी नोंदवली जाई. मंदीच्या हंगामात माग चालू राहावेत म्हणून गिरणीही कमी दराने माल देई, आणि तो माल खास जानेवारीसाठी येई. म्हणजे इथे भाव कमी होतो तो खरेदीच्या टोकाला, आणि गठ्ठा पडून राहिल्यामुळे तर मुळीच नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या फर्निचरच्या सेलची घडण हीच. (पॅरिसमध्ये बूसिको यांना पांढऱ्या मालाची कल्पना खिडकीबाहेरचा बर्फ पाहून सुचली, अशी एक आख्यायिका सांगतात. गोष्ट गोड आहे, पण रिकामे काउंटर पाहूनही ती सुचली असती.)

कपड्यांचे गणित याच्या अगदी उलटे. ईस्टरसाठी आणलेली हॅट ईस्टरनंतरच्या आठवड्यात तशीच्या तशी असते, पण तिची किंमत राहिलेली नसते. १९१० च्या सुमारास पॅरिसचा वेशभूषाकार पॉल प्वारे याने घोट्यापाशी आवळलेला अरुंद स्कर्ट रूढ केला, तेव्हा घेरदार स्कर्टचे गठ्ठे घेऊन बसलेल्या दुकानदारांना हे चांगलेच कळले. त्या अरुंद स्कर्टखाली दोन-दोन परकर घालायला जागाच नव्हती, त्यामुळे पांढऱ्या मालातल्या परकरांनाही त्याची झळ बसली. चादरीला फॅशनची बाधा होत नाही हे मी वर लिहिले खरे, पण चादरीशेजारच्या टेबलावर ठेवलेल्या परकराला ती होत होती.

या उलट्या गणिताचा सर्वांत प्रामाणिक हिशेब मला बोस्टनमध्ये दिसतो. एडवर्ड फायलीन याने १९०९ साली आपल्या दुकानाच्या तळघरात जो विभाग सुरू केला, तिथे प्रत्येक कपड्याच्या चिठ्ठीवर तो विक्रीला आल्याची तारीख असे. विक्रीचे बारा दिवस उलटले की भावातून पंचवीस टक्के कमी, अठरा दिवसांनी पन्नास, चोवीस दिवसांनी पंचाहत्तर. आणि तीस दिवसांनीही तो खपला नाही, तर तो दानधर्मात जाई. समजा, एक कोट दहा डॉलरचा आहे. बाई चिठ्ठी उलटून तारीख बघते, बोटांवर दिवस मोजते, आणि तिच्या लक्षात येते की परवा तो साडेसातला मिळेल व त्यानंतर आणखी आठवडाभर थांबले तर पाचाला. पण तेच दिवस शेजारची बाईही मोजते आहे. मग काही जणी आपल्या मापाचा कोट भलत्याच टेबलावर, मुलांच्या कपड्यांच्या ढिगाखाली दडवून ठेवत, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी दार उघडताच नेमक्या त्या ढिगाकडे धाव घेत. कपडे घालून पाहण्यासाठी खोल्या नव्हत्या. अंगातल्या कपड्यांवरच दुसरा चढवून पाहायचा. या दुकानात भाव उतरवण्याचा अधिकार कोणा विभागप्रमुखाकडे नव्हता. तो पंचांगाकडे होता. ‘आधी चढवून मग उतरवले’ हा आपला आरोप इथे टिकत नाही, कारण तारीख चिठ्ठीवर आहे आणि ती कोणीही वाचू शकतो. हे तळघर पहिल्यापासून तुफान चालले, असे मात्र मी लेखात लिहायला नको होते. सुरुवातीची काही वर्षे ते तोट्यात होते आणि शहरात त्याची थट्टाच अधिक झाली.

फायलीनचा हा नियम सर्वत्र होता असा माझा दावा नाही. ‘पूर्वी पाच डॉलर, आता तीन’ असे छापताना ‘पूर्वी’ म्हणजे कधी, हे विचारणारे कोणी नसे. खोट्या जाहिरातींचा सुळसुळाट इतका झाला होता की, जाहिरातधंद्याच्याच ‘प्रिंटर्स इंक’ या नियतकालिकाने १९११ साली खोटी जाहिरात गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार केला, आणि पुढे अनेक राज्यांनी त्या धर्तीवर कायदे केले. धंद्यातल्या लोकांनीच कायदा मागितला, यावरून आपल्या आरोपात किती तथ्य आहे हे दिसते. स्वतःपुरते सांगायचे तर, काही वर्षांपूर्वी एका दुकानाच्या पावसाळी सेलमध्ये ‘१२०० चा ७९९ ला’ म्हणून घेतलेल्या शर्टाचा स्टिकर मी घरी येऊन नखाने खरवडला, तेव्हा खाली ७५० चा जुना स्टिकर निघाला. त्यामुळे आपला संताप मला परका नाही. पण फसवणूक होते म्हणून सेल ही मूळचीच फसवणूक आहे, असे म्हणणे म्हणजे खोट्या वजनांमुळे तागडीच खोटी ठरवण्यासारखे आहे.

आपण असेही सूचित केले आहे की, कारखानदार आणि दुकानदार यांची यात मिलीभगत असे. प्रत्यक्षात त्यांचे हाडवैर होते. न्यूयॉर्कच्या ‘मेसीज’मध्ये स्ट्राउस कुटुंबाने १८७४ साली तळघरातला चिनीमाती, काचसामान आणि चांदीच्या भांड्यांचा विभाग भाड्याने घेतला, तो इतका चालला की १८८८ मध्ये ते भागीदार आणि १८९६ मध्ये मालक झाले, म्हणजे कपबशा विकता विकता त्यांनी अख्खे दुकानच घेतले. त्यांचा खाक्या असा की, उधारी नाही, रोख द्या आणि इतरांपेक्षा स्वस्त न्या. हे कारखानदारांना खपत नसे, कारण एका दुकानात वस्तू स्वस्त मिळू लागली की गावातले बाकीचे दुकानदार ती ठेवायलाच तयार नसत. एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीवर ‘एक डॉलरपेक्षा कमी किमतीत विकू नये’ असे छापले होते. मेसीजने ती ८९ सेंटांना विकली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ साली निकाल स्ट्राउस यांच्या बाजूने लागला. १९११ मध्ये एका औषध कंपनीच्या खटल्यातही, दुकानदाराने अमुक भावाखाली विकू नये अशी करारातली सक्ती बेकायदा ठरली. हे दोन निकाल उलटे लागले असते, तर नामांकित कंपन्यांच्या मालावर सेल लावायला दुकानदाराला कारखानदाराची परवानगी काढत बसावे लागले असते.

रोखीचा हा आग्रह त्याच काळात मुंबईपर्यंतही आला होता. हॉर्नबी रोडवरच्या ‘व्हाइटअवे लेडलॉ’मध्ये उधारी चालत नसे, म्हणून गोऱ्या गिऱ्हाइकांनी त्या दुकानाचे ‘राइट-अवे अँड पेड-फॉर’ असे टोपणनाव पाडले होते. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आले.

राहिला तिसरा आक्षेप. इथे माझी बाजू लंगडी आहे. न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली स्थापन झालेल्या ग्राहक संघाने, म्हणजे कन्झ्युमर्स लीगने, चांगल्या दुकानांची एक ‘पांढरी यादी’ प्रसिद्ध केली होती. अटी पाहा: अनुभवी स्त्री-कामगाराला आठवड्याला किमान सहा डॉलर, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढेच काम, मध्ये जेवणासाठी पाऊण तास, आणि बसायला स्टुले. एवढ्या माफक अटींत बसणारी दुकाने संपूर्ण शहरात पहिल्या खेपेला आठच निघाली. ज्या मुलीला आठवड्याला सहा डॉलर मिळत, तिने विकलेला दहा डॉलरचा कोट तिच्या दहा दिवसांच्या कामाइतका होता. नाताळच्या गर्दीसाठी घेतलेल्या हंगामी मुलींना जानेवारीत घरी पाठवले जाई आणि पांढऱ्या मालाचे ढीग उरलेल्या जणी उपसत. १८९९ नंतर राष्ट्रीय ग्राहक संघाची सूत्रे सांभाळणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी नाताळची खरेदी लवकर उरका म्हणून जी मोहीम चालवली, ती या मुलींच्या पायांसाठीच होती. पांढऱ्या चादरींवर मी हजार शब्द लिहिले आणि पांढऱ्या यादीवर एकही नाही, हे आपण दाखवून दिलेत.

मूळ लेखातले वानामेकरविषयीचे आणि फायलीनच्या तळघराविषयीचे, अशी दोन्ही वाक्ये आज दुरुस्त केली आहेत. जुनी वाक्ये खोडून पण वाचता येतील अशी ठेवली आहेत, म्हणजे खालचा स्टिकर कोणाला खरवडावा लागू नये.

आपला,
ब्लॉगलेखक