कातळशिल्पात रंग भरणाऱ्यांनो, हात आवरा

राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, आज सकाळी माशाच्या कातळशिल्पात, फार पूर्वी कातळात कोरलेल्या चित्रात, पांढरा ऑइलपेंट भरलेला दिसला. रंग ताजा होता, बोटाला लागत होता. डोळा, पर, शेपटी, सगळं गिरवून काढलेलं. वर माशाच्या पोटातून जाणारी कातळाची नैसर्गिक भेगही रंगवलेली. आता जो फोटो फिरेल त्यात माशाच्या पोटात भाला दिसेल, आणि लोक त्या भाल्याचा अर्थ लावत बसतील.

कशासाठी हे? फोटोत उठून दिसावं म्हणून!

अरे, हा कातळ जांभ्याचा, कोकणातल्या तांबड्या सच्छिद्र दगडाचा. जांभा पाणी पितो तसा रंगही पितो. थिनर लावून पुसायला गेलात की रंग पातळ होऊन आणखी खोल जातो. खडूची पूड पावसात धुऊन जाते म्हणतात, मान्य, पण ती भरताना काठ खरवडले जातात त्याचं काय? आणि रेषा दिसायला यातलं काहीच लागत नाही. सकाळी ९ च्या आत जा, नाहीतर ४ नंतर. ऊन तिरपं असलं की खाचेत सावली भरते आणि चित्र आपोआप उठतं. रात्री बॅटरी जमिनीलगत आडवी धरा, बारीक रेघसुद्धा दिसते. भर दुपारी ऊन सरळ डोक्यावर असताना यायचं आणि ‘इथे तर काहीच नाही’ म्हणत खडू काढायचा, हे बंद करा.

वाडीतला एक पोरगा तारेचा ब्रश घेऊन तो रंग घासत बसला होता. त्याच्यावर ओरडवेना. आपल्या गावची वस्तू कुणीतरी घाण केली म्हणून त्याचा जीव तुटत होता. पण तारेच्या ब्रशाने रंगाबरोबर कातळाची वरची कडक पाठ निघते. ती ऊन-पावसाने घट्ट झालेली असते, तीच शिल्पाला धरून ठेवते. ती गेली की खालचा मऊ जांभा भुगा होत जातो. त्या पोराला हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. शिल्पाचा फलक लावायला पैसे असतात, पण वाडीतल्या दोन माणसांना एक दिवस शिकवायला कुणाला वेळ नसतो.

शिकवायचं तरी केवढं? पावसाळा संपून कातळ कोरडा झाला की मऊ केरसुणीने माती झाडायची. खराटा नको, ॲसिड नको, फिनेल नको. गवत हाताने उपटायचं, मूळ भेगेत घट्ट असेल तर वरून कापायचं. पेटवायचं तर अजिबात नाही, आगीने कातळाचे पापुद्रे सुटतात. शिल्पाचा काही भाग मातीखाली असेल तर ती माती कुदळ-फावड्याने ओढायची नाही. त्या मातीत दगडी हत्यारं असू शकतात, ते काम पुरातत्त्ववाल्यांचं.

आणि गडगा घाला. साधा, जांभ्याचे दगड सुके रचलेला, कमरेएवढा. शेवटच्या रेषेपासून निदान १०-१५ फूट लांब. पाया खणू नका, सिमेंट वापरू नका. उताराच्या बाजूला पाण्याला वाटा ठेवा, नाहीतर आत तळं साचतं आणि शेवाळ धरतं. कातळात भोकं पाडून लोखंडी रेलिंग उभं करतात ते आणखी वाईट. भोकातून पाणी मुरतं, लोखंड गंजून फुगतं आणि कातळ तडकतो.

२०२२ साली कोकणातली ९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे ही ७ रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि फणसामळ गोव्यातलं. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी. कोकणात आज नसलेला गेंडासुद्धा या शिल्पांत आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं सडे तुडवत फिरली, गुराख्यांना विचारत फिरली, म्हणून हे जगापुढे आलं. आणि आपण त्यात ऑइलपेंट भरतो.

यादीत नसलेल्या शिल्पांची चिंता जास्त आहे. हा मासा त्यातलाच. त्याला वाली कोण? ग्रामपंचायतच. पण ग्रामपंचायत म्हणते जमीन खाजगी, आणि तेही खरं आहे. सातबारा सामाईक, त्यावर पंचवीस-तीस नावं, निम्मी मुंबईत. मग गणपतीत किंवा शिमग्याला बसा ना, तेव्हा सगळे गावात असतात! संमतीपत्रावर सह्या तेव्हाच घ्या. वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, त्यातल्या एकीत ठराव करा. ठरावात नुसतं ‘कातळशिल्पे जतन करणे’ लिहून भागत नाही. गट नंबर, शिल्पं किती, प्रत्येकाची लांबी-रुंदी, फोटो, सगळं जोडा आणि प्रत तहसीलदारांना द्या. चिरेखाणीच्या, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढायच्या खाणीच्या, परवानगीचा अर्ज येतो तेव्हा तो गट नंबर कुणाच्या तरी टेबलावर असायला हवा. खाणीत वरचा कडक थर आधी काढून टाकतात, चांगला चिरा खाली लागतो म्हणून. चित्र त्याच वरच्या थरात असतं. कटर लागला की एका दिवसात साफ.

‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा जिल्हा नियोजन समिती देते, मग निधी येतो. तो आला की काय होतं? कमान, पेव्हर ब्लॉक, बाकडी. रोलर थेट शिल्पाच्या कडेपर्यंत. रस्ता नसेल तर कोण येणार आणि गावाला चार पैसे कसे मिळणार, हेही खरं, नाही म्हणत नाही. पण रस्ता दोनशे पावलं अलीकडे थांबवा. गाड्या तिथे लावा, पार्किंगचे पैसे घ्या, त्यातून वाडीतल्या माणसाला वाटाड्या म्हणून रोजंदारी द्या.

उक्षीचा हत्ती बघा. गावाने पुढाकार घेतला, भोवती गोल कठडा झाला, वरून अख्खा हत्ती एका नजरेत दिसतो. एवढ्या मोठ्या आकृतीला उंची लागतेच. तिथे उभं राहिलं की राग शांत होतो.

त्या माशाच्या गावचं कुणी हे वाचत असेल तर कळकळीची विनंती. आता त्याला कुणी हात लावू नका. ब्रश नको, थिनर नको, प्रेशरचं पाणीही नको. उद्या सकाळी कोवळ्या उन्हात चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. त्या भेगेचा फोटो वेगळा घ्या. राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय रत्नागिरीत आहे, सरपंचांच्या सहीने पत्र द्या आणि पोचीवर शिक्का घ्या. आणि त्या पोराला सोबत न्या, रंग कुठे किती लागलाय ते त्याला सगळ्यात चांगलं माहीत आहे.