जतचं पाणी आणि सेनेगलचे पंप

सांगलीतल्या एका कॉलेजात २४ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्र दिनाचं निमित्त साधून, 'जागतिक विकास आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य' या विषयावर व्याख्यान झालं. आमचा एक वर्गमित्र तिथं शिकवतो. त्यानं शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकले. मागं संयुक्त राष्ट्रांच्या सतरा विकास उद्दिष्टांच्या रंगीत चौकोनांचा फ्लेक्स, पुढं शाल-श्रीफळ, समोर हजेरीच्या धाकानं बसलेली पोरं. दोन मिनिटांत पहिली प्रतिक्रिया आली, 'आधी जतला पाणी द्या, मग आफ्रिकेला.' जत म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्यातला दुष्काळी तालुका. त्यावर अंगठ्यांचा पाऊस. मी लिहिलं की हिशोब एवढा सोपा नाही. लगेच उत्तर, 'तुला तिकडं जर्मनीत बसून बोलायला काय होतंय?'

काय होतंय ते इथं सविस्तर सांगतो, ग्रुपवर एवढं कुणी वाचत नाही.

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात परदेशांना मदत म्हणून ५,४८३ कोटी रुपये ठेवले होते. ऐकायला दांडगा आकडा. पण अख्खा अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या वर होता, म्हणजे हजार रुपयांतला जेमतेम एक रुपया. त्यातलेही २,१५० कोटी एकट्या भूतानचे, आणि भूतानात आपण बांधून दिलेल्या चुखा, तालासारख्या प्रकल्पांची वीज परत आपल्याच तारांत येते. हा एक रुपया वाचवून जतला पाणी पोचणार असतं तर कृष्णेचं पाणी पंपानं उचलून तिकडं न्यायची म्हैसाळची योजना इतकी वर्षं कशात अडकली होती? टेंडरात, थकलेल्या वीजबिलात, की घानात?

आफ्रिकेचंच काढलंय तर सेनेगलचं घ्या. भाताचं पीक वाढवायला त्यांना सिंचनाचे पंप हवे होते. भारताच्या एक्झिम बँकेनं २ कोटी ७० लाख डॉलर दिले, तेही कर्ज म्हणून. असल्या कर्जाला अट असते की बहुतेक माल भारतातूनच उचलायचा. काम मिळालं किर्लोस्कर ब्रदर्सला, ज्यांचा मूळ कारखाना पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून उभा आहे. ग्रुपवर अंगठा दाखवणाऱ्यांत असे कितीतरी आहेत ज्यांचा बाप नाहीतर चुलता सकाळच्या भोंग्याला वाडीत हजर असायचा. त्यांनी तरी 'आफ्रिकेला कशाला' म्हणू नये.

आणि सांगली-मिरजेच्या माणसानं तर मुळीच म्हणू नये, याचा मला खरा राग आहे. मिरजेला दवाखान्यांचं गाव कुणी केलं? कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन मिशनच्या पैशावर इथं आले आणि १८९४ मध्ये त्यांनी रुग्णालय उभं केलं. सांगली-मिरज रस्त्यावर आपण 'वानलेसवाडीला थांबवा' म्हणून ओरडतो, ते नाव कुणाचं हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही. माझी आजी ७२ च्या दुष्काळातल्या लाल मिलोबद्दल बोलायची. अमेरिकेतून आलेली ज्वारी. भाकरी थापताना काठ फाटायचे, पोरं तोंड वाकडं करायची, पण तीच खाऊन सगळे खडी फोडायला जायचे. आजीनं त्या ज्वारीला भरपूर नावं ठेवली. मात्र 'त्यांनी आधी त्यांचं बघायला हवं होतं' असं काही ती म्हणाली नाही.

पुराचंही तेच. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. २०२१ मध्ये पुन्हा आलं. आता कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या पूरनियंत्रणासाठी सुमारे ३,२०० कोटींचा जो कार्यक्रम आखलाय, त्यातला मोठा वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा आहे. त्या २०२१ च्या जुलैतच इथं जर्मनीत आर नदीनं गावंच्या गावं नेली होती. मी एका मोबाइलवर त्या नदीकाठच्या आरवाइलरची चित्रं बघत होतो, दुसऱ्यावर सांगलीतल्या हरिपूर रोडची. इथल्या सहकाऱ्यांना सांगलीचं सांगितलं तर ते म्हणाले, तुमच्याकडं दरवर्षीच पूर येतो ना? मी गप्प बसलो.

जगाशी कसं वागावं लागतं हे आमच्या भागात सगळ्यात जास्त कुणाला कळत असेल तर द्राक्ष बागायतदाराला. तासगावच्या, मिरज पूर्वच्या साध्या शेतकऱ्याला कुठल्या औषधाचा अंश किती चालतो, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी बंद करायची, हे पाठ असतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपनं भारतीय द्राक्षं अडवली, तेव्हा तो जे शिकला ते सतरा चौकोनांच्या फ्लेक्सवर मावणार नाही. व्याख्यानाला त्याला बोलवायला हवं होतं. इथं मार्चमध्ये रेवे नावाच्या सुपरमार्केटात द्राक्षांचे पाचशे ग्रॅमचे डबे येतात. मी प्रत्येक वेळी डबा उलटा करून बारीक अक्षरांतलं लेबल वाचतो. हेरकुन्फ्ट: इंडिएन, म्हणजे मूळ देश भारत. खाली निर्यातदाराचा पत्ता बघावा तर नाशिक. नेहमी नाशिक. नाशिककरांबद्दल माझ्या मनात काही नाही, तरी डबा खाली ठेवताना थोडं जोरात ठेवला जातो.

आता इथली बाजू. माझी मुलगी सहावीत असताना घानाच्या कोकोवर तक्ता करत बसली होती. एका चॉकलेटच्या किमतीतलं शेतकऱ्याच्या हाती किती पडतं, याचं वर्तुळ तिनं रंगवलं होतं. शेतकऱ्याची फोड इतकी बारीक की तिथला रंग बाहेर गेला. शाळेत यावर कुणाला शाल घातली नाही. जानेवारीत ख्रिस्ती सणाला तीन राजांची सोंगं घेतलेली पोरं दारावर खडूनं लिहून देणगीचा डबा वाजवून जातात, त्यातले पैसे कुठल्या देशात गेले हे त्या पोरांनाही सांगता येतं. आमच्या वेळी शाळेत नागरिकशास्त्राच्या शेवटच्या पानावर संयुक्त राष्ट्रसंघ असायचा आणि वीस गुणांच्या पेपरात तो कधी यायचा नाही, म्हणून सर ते पानच सोडायचे. ही तुलना करताना मला बरं वाटतं, लपवत नाही.

पण पुढचं सांगितलं नाही तर ग्रुपवाले म्हणतील, निवडून निवडून सांगतोय. मुलीच्या त्याच शाळेच्या एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, संडासांचा विषय निघाला. तीन मजल्यांत एक चालू. तेवढ्यात एक बाप उठून म्हणाला, पेरूत सायकलचे रस्ते बांधायला पैसे आहेत, आमच्या पोरांच्या संडासाला नाहीत! टाळ्या पडल्या. जर्मनीनं लिमातल्या सायकल मार्गांना आणि त्याला जोडलेल्या बसच्या कामाला ४ कोटी ४० लाख युरोंचं अनुदान कबूल केलं होतं. राजकारणात आकडा फिरत होता ३१ कोटी ५० लाख. त्या बापाला जतचं नाव माहीत असतं तर त्यानं आमच्या ग्रुपवरचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं असतं. आधी पोटोबा मग विठोबा हे सगळीकडं चालतं, आणि पोटोबा कुणाचा मोजायचा हे बोलणारा ठरवतो.

मला जास्त लागतं ते ऑफिसच्या कँटीनमधलं. २०२२ मध्ये जर्मनीनं भारताबरोबर करार केला, २०३० पर्यंत हवामान आणि शाश्वत विकासासाठी किमान १,००० कोटी युरो. पुढच्याच वर्षी चांद्रयान-३ उतरलं. दुसऱ्या दिवशी जेवताना सहकारी हसत म्हणाला, चंद्रावर जाता, मग आमचे पैसे कशाला घेता? मी तावातावानं सांगितलं, बहुतेक कर्ज आहे, व्याजासकट फेडलं जातं, भारत आता स्वतः देणारा देश आहे, कोविडमध्ये आम्ही शंभराच्या आसपास देशांना लशी पाठवल्या. डिसेंबरात एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर देणगीची पोस्टरं लागतात. त्यावरचं पोर सावळं, मोठ्या डोळ्यांचं असलं की मी दुसऱ्या डब्यासाठी पुढं चालत जातो. म्हणजे इथं मी 'आम्हाला नको' म्हणून भांडतो आणि गावाकडं 'आपण घेतलंय, विसरू नका' म्हणून. दोन्हीकडं बाहेरचा. नागरिकत्वाचे कागद भरून तयार आहेत. जर्मनीला दुहेरी चालतं, आपल्याकडं चालत नाही, म्हणून ते कपाटात पडून आहेत. बायको म्हणते, ठरव एकदाचं.

गंमत अशी की जतच्या पाण्याचा एक धागा माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. म्हैसाळचे पंप सौर विजेवर चालावेत म्हणून जत तालुक्यात संखला प्रकल्प ठरला, त्याला कर्ज केएफडब्ल्यू या जर्मन सरकारी बँकेचं, १३ कोटी युरोंच्या घरात. ही बँक फ्रँकफुर्टात पालमेनगार्टन या बागेला लागून आहे. १९४८ मध्ये ती काढली गेली तीच मुळी अमेरिकेच्या मार्शल मदतीतून उद्ध्वस्त जर्मनी उभी करायला. पैसे घेणारी बँक देणारी झाली. आणि या सरकारी व्यवहारांत कुठंतरी माझ्या पगारातून कापलेला करही असणार.

हे मी दादाला फोनवर मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो मिरज तालुक्यात शेती करतो, म्हैसाळच्या कालव्याकडं डोळे लावून असतो. पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, पंपांचं वीजबिल कुणी भरलं, त्यातले ८१ टक्के सरकारचे आणि १९ टक्के आपले हे सूत्र किती दिवस टिकणार, यात त्याचं वर्ष जातं. जर्मन बँकेचं ऐकून तो भारावला वगैरे नाही. त्यानं विचारलं, 'कर्ज युरोत हाय का रुपयात?'

युरोत, म्हटलं.

'मग रुपया पडला की वरचं कोण भरणार? आमच्या पाणीपट्टीत बसवणार न्हवं?'

मी म्हटलं, फेड सरकार करणार, पण रुपया घसरला की बोजा वाढतो हे खरं, आणि तो शेवटी कुणावर टाकायचा ते मुंबईत ठरेल.

'तेच तर,' दादा म्हणाला, 'ते ठरायच्या आधी कुणीतरी येऊन आमाला सांगावं. आफ्रिकेचं मागनं बघू. आणि तुमच्या त्या बँकेत मराठी कळणारं कोण हाय का बघ, अर्ज मी लिहितो.'