खुळखुळा ब्रेकखाली

रविवारी सकाळी राजवाड्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर संत्या आला तो तोंड पाडूनच. चहाचा ग्लास हातात पडेपर्यंत सगळं बाहेर आलं. वहिनींचं लर्निंग निघून तीन आठवडे झालेत. समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या चढाला त्या गाडी घेऊन निघाल्या. शेजारी संत्या, नि त्याच्या मांडीवर नऊ महिन्यांची चिमी. चढावर पुढची एसटी थांबली. वहिनींना हाफ क्लच जमेना, गाडी मागं सरकायला लागली. ब्रेक दाबला तर पाय अर्ध्यावरच अडला. पेडलखाली चिमीचा खुळखुळा! "हँडब्रेक ओढा की!" वहिनी ओरडल्या, पण ह्याचे दोन्ही हात पोरीत गुंतलेले. शेवटी खुळखुळा कडकन मोडला तेव्हा कुठं ब्रेक लागला. मागच्या दूधवाल्याची किटली वीतभर लांब होती म्हणे.

"शिकाऊ गाडीत पोर घ्यायचंच कशाला?" अम्या तापला. "लाल 'एल' लावला म्हणजे काय लिंबू-मिरची बांधली काय रं? नजर लागायची नाही म्हणून?"

"कायद्यात तसं कुठं नाही," बापू म्हणाले. बापूंनी बारा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चालवली, त्यामुळं ह्या विषयात त्यांच्यापुढं कुणाचं चालत नाही. "दुचाकी शिकताना शिकवणाऱ्याशिवाय दुसरं कुणी बसवायचं नाही, हे नियमात हाय. चारचाकीत मागं पोर बसलं तर लर्निंगचा नियम आडवा येत नाही. पण शेजारी बसणाऱ्याकडं पक्कं लायसन पाहिजे, आणि गाडी आवरता येईल असं त्यानं बसलं पाहिजे. १९८९ च्या नियमांतच हाय ते. स्कूलच्या गाडीत माझ्या पायाशी पण क्लच-ब्रेक असायचा. तुझ्याकडं काय, एक हँडब्रेक. तोबी पोरीपायी सोडलास."

"धरून तर बसलो होतो पोरीला," संत्या पुटपुटला.

कट्ट्यावरच्या फिजिक्सच्या सरांना एवढंच पाहिजे होतं. चाळीसच्या स्पीडला गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आठ किलोचं पोर हाताला नव्वद किलोचं लागतं, असा हिशोब त्यांनी तिथंच मांडला. म्हणजे सिमेंटच्या जवळजवळ दोन गोण्या. एअरबॅग फुगली तर मध्ये पोरगीच. शिवाय चौदा वर्षांखालच्या पोराला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीपासून हजार रुपये दंड. दंडाचं ऐकून मात्र संत्या सावरून बसला, हे मी इथं मुद्दाम नोंदवतो.

"मग चाइल्ड सीट घेतो, मागं बांधतो."

"मागं पोरगी रडली की वहिनी आरशात बघणार का रस्त्यावर?" अम्या.

ह्यावर चहावाल्या मावशी गाळणं आपटून म्हणाल्या, "आणि पोर ठिवायचं कुणाकडं? सासू गावाकडं, ह्याला सुट्टी रविवारचीच. डोस द्यायला दरवेळी ह्याच्या तोंडाकडं बघायला लागतं, म्हणूनच शिकतीया ती बाई. संत्या, तू शिकलास तवा तुझ्या गाडीत कुणी पोर दिलं हुतं का रं?"

कुणीच बोललं नाही. आम्ही सगळे पुरुष, सगळ्यांची लायसनं पक्की, आणि शिकताना पोराचा विचार आमच्यातल्या एकालाही करावा लागला नव्हता. मला मावशींचं पटलं, पण बापूंचंही सुटत नव्हतं. पहिले काही आठवडे शेजारच्याचे हात मोकळेच पाहिजेत.

"अर्ध्या तासाचा तर प्रश्न," मावशी म्हणाल्या. "इथं सहा जण बसताय रिकामटेकडे."

पुढच्या रविवारी वहिनी त्याच चढाला गेल्या, संत्याचा हात हँडब्रेकवर. चिमी कट्ट्यावर अम्याच्या मांडीवर होती. सव्वीस मिनिटांत तिनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण चावून तोडलं. बापूंनी ते तिच्या तोंडातून बोट घालून काढलं, आणि मग अम्याला वीस मिनिटं झापलं.