तंतुकणिका आपली प्रथिनं स्वतः बनवते? नाही!

सोलापुरात बारावी-नीटच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक चित्र फिरतंय. माझ्याच वर्गातल्या तिघांनी मला ते पाठवलं. विषय आहे तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा तिच्यातला छोटा कप्पा. त्यात लिहिलंय: "तंतुकणिकेला (मायटोकॉन्ड्रियाला) स्वतःचा डीएनए आणि रायबोसोम असतात, म्हणून ती आपली प्रथिनं स्वतःच बनवते. यीस्टसारख्या एकपेशीय जीवात पेशी इतकी लहान असते की बाहेरचं प्रथिन लागलंच तर ते आपोआप आत जातं. प्रथिनांना पत्ता लागतो तो फक्त बहुपेशीय प्राण्यांत." मुलं हे पाठ करताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

"स्वतःचा डीएनए, म्हणून स्वतःची प्रथिनं"

डीएनए आहे, रायबोसोमही (प्रथिनं जोडणारी यंत्रं) आहेत. चूक आहे ती "म्हणून" या शब्दात. यीस्टच्या तंतुकणिकेत सुमारे १,००० प्रकारची प्रथिनं असतात. त्यांतली तिच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात फक्त ८. माणसात हा आकडा १३ आहे, हिवतापाच्या प्लाझ्मोडियममध्ये अवघा ३. बाकी सगळ्यांची जनुकं केंद्रकात असतात. ती प्रथिनं पेशीद्रवात तयार होतात आणि मग आत येतात. ज्या रायबोसोमचा दाखला चित्रात दिलाय, त्याचीसुद्धा यीस्टमधली एक सोडून सगळी प्रथिनं बाहेरूनच येतात.

यीस्टचा तंतुकणिकेतला डीएनए पूर्ण काढून टाकला तरी साखर मिळाली की ते किण्वनावर जगतं. वाढ मंद होते, वसाहती खुज्या राहतात, पण तंतुकणिका असते आणि बाहेरून प्रथिनं घेतही असते. याउलट तिच्या बाह्यपटलातलं टॉम-४० हे प्रवेशद्वाराचं प्रथिन काढलं, तर यीस्ट मरतं. कशावाचून अडतं ते इथेच कळतं.

"पेशी लहान, म्हणून आपोआप"

सगळ्यात जास्त घोटाळा इथे आहे. यीस्टची पेशी साधारण ५ मायक्रोमीटरची, हे खरं. प्रथिन तरंगत तंतुकणिकेपर्यंत पोचेलही. पण दारापर्यंत पोचणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. त्याच पेशीद्रवात केंद्रक आहे, रिक्तिका आहे, आंतर्द्रव्यजालिका आहे. कुठलं प्रथिन कुठे जायचं, हे ठरावं लागतं.

ते ठरतं कशावरून? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. बऱ्याच प्रथिनांच्या सुरुवातीला या आम्लांचा एक छोटा तुकडा असतो, तोच त्यांचा पत्ता. त्यात आम्लांचा ठरावीक क्रम नसतो, ओळख पटते ती आकारावरून. तुकड्याची मळसूत्रासारखी गुंडाळी होते, तिची एक बाजू धनभारित आणि दुसरी तेलकट. तंतुकणिकेच्या बाह्यपटलावरचा टॉम-२० हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन) ती ओळखतो. १९८४-८५मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जीवरसायनशास्त्रज्ञ गॉटफ्रीड शाट्झ यांच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या एका प्रथिनाचा असा तुकडा उंदराच्या डीएचएफआर या विकराला (एन्झाइमला) जोडला. हे विकर एरवी पेशीद्रवात राहतं. तुकडा जोडल्यावर ते यीस्टच्या तंतुकणिकेत गेलं. त्या २५ आम्लांच्या तुकड्यातली पहिली १२ सुद्धा पुरली.

आता "आपोआप". सोलापूरच्या पूर्व भागात ज्यांच्या घरी यंत्रमाग आहे, त्या मुलांना मी फणी आठवायला सांगतो. फणीच्या फटीतून सुटा धागा सरकतो, गाठ आली की अडतो. प्रथिनाचंही तसंच, घडी उलगडलेली असेल तरच ते छिद्रातून जातं. १९८६मध्ये शाट्झ यांच्याच प्रयोगशाळेत हे दाखवलं गेलं. मेथोट्रेक्सेट (संधिवातावर देतात तेच औषध) डीएचएफआरला घट्ट चिकटतं आणि त्याची घडी उलगडू देत नाही. ते घातल्यावर पत्ता असूनही प्रथिन बाहेरच अडकलं.

शिवाय आत ओढायला बळ लागतं. आतल्या पटलाची आतली बाजू ऋणभारित असते, ती धनभारित तुकड्याला खेचते. पुढे आतलं एचएसपी-७० प्रथिन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करून उरलेली साखळी ओढून घेतं, आणि मग एक विकर पत्त्याचा तुकडा कापून टाकतं. पटलावरचा विद्युतभार घालवला की ही आवक थांबते. सगळ्याच प्रथिनांचा पत्ता पुढच्या टोकाला नसतो, हेही सांगायला हवं. एडीपी-एटीपी वाहकासारख्या प्रथिनांत तो साखळीतच विखुरलेला असतो आणि कापला जात नाही.

"पत्ता फक्त बहुपेशीय प्राण्यांत"

वरचे सगळे प्रयोग यीस्टच्या तंतुकणिकांवरचे आहेत, तेव्हा याला वेगळं उत्तर लागू नये. तरी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या गोठ्यातलं आहे. गुरांना, घोड्यांना 'सर्रा' होतो तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या एकपेशीय परजीवीमुळे. त्याच्या तंतुकणिकेच्या डीएनएतला प्रथिनं घडवणारा भाग नाहीसा झालाय, म्हणजे तिथे एकही प्रथिन बनत नाही. तरी तंतुकणिका शाबूत आहे आणि परजीवी तिच्यावाचून जगत नाही. तिच्यातलं प्रत्येक प्रथिन बाहेरून, दार ओलांडूनच आलेलं असतं.