‘एवढा हिशेब कशाला?’ : राजमाचीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया मोकळेपणाने लिहिलीत, त्यामुळे उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. मुंबईहून एका मुक्कामाची भटकंती कशी आखावी, या लेखात मी कर्जतमार्गे राजमाची किल्ल्याचं उदाहरण घेतलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: एका रात्रीसाठी एवढा हिशेब म्हणजे सुट्टीतही ऑफिस, माणशी पाच लिटर पाणी हा अतिरेक, तंबू गडावर न लावता गावात लावा सांगणं म्हणजे मजेवर पाणी, आणि ‘दुपारी तीननंतर वर जायचं नाही’ हा नियम नवख्यांना घाबरवण्यापुरता. शिवाय, “आम्ही शुक्रवारी रात्री ग्रुपवर ठरवतो, शनिवारी पहाटे निघतो, आजवर काही बिघडलं नाही.”

बिघडलं नसेलच. सह्याद्रीतले बहुतेक ट्रेक सुखरूप पार पडतात. जे बिघडतात, त्यात थरारक असं सहसा काही नसतं. एक लोकल चुकते, टमटम भरेपर्यंत अर्धा तास जातो, गटातल्या एकाला नवे बूट चावतात, एका फाट्यावर ढोरवाटेला लागून पुन्हा मागे यावं लागतं. यातलं एकेक कारण किरकोळ आहे, पण चारही एकाच दिवशी आली की जंगलात अंधार पडतो. मग मळलेली वाटही सापडत नाही. म्हणून माझं सांगणं एकच होतं आणि आहे: बेत परतीपासून उलटा आखा. घरी कधी पोचायचं, त्यासाठी कोणती गाडी, तिच्यासाठी पायथ्याला किती वाजता, त्यासाठी वरून कधी निघायचं. हे एकदा मांडलं की मधल्या वेळात घड्याळ बघावं लागत नाही.

राजमाचीचाच हिशेब घेऊ. कर्जतजवळच्या कोंदिवड्याहून, म्हणजे पायथ्याच्या गावातून, कोंढाणे लेण्यांवरून राजमाचीवरच्या उधेवाडी गावापर्यंत अंतर सहा-सात किलोमीटर, चढ साधारण सहाशे मीटर. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ढोबळ नियम दिला होता: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्यानुसार इथे अडीच तास पुरेसे वाटतात. पण तो नियम थंड हवेतल्या, सरावातल्या, हलक्या पाठीच्या माणसाचा. आपल्याकडे पाठीवर आठ-दहा किलोंची सॅक, कोकणातली दमट हवा आणि सहा-आठ जणांचा गट असतो. त्याला दीडपट करा: पावणेचार तास. लेणी नीट पाहायची तर अर्धा तास वेगळा. तिथलं चैत्यगृह घाईत उरकण्यासारखं नाही.

आता तुमच्या पद्धतीचा शनिवार मांडू. दादरला सगळे जमता जमता एक लोकल जाते. सीएसएमटीहून कर्जत शंभर किलोमीटर, गाडीत दोन तासांहून थोडं जास्तच. उतरून वडापाव, चहा, टमटमवाल्याशी घासाघीस. कोंदिवड्यातून पावलं पडायला बारा वाजतात. म्हणजे सगळ्यात कडक ऊन सगळ्यात उभ्या चढावर, आणि लेणी धरून उधेवाडीत सव्वाचार. डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास, दाट झाडीत अर्धा तास आधीच दिसेनासं होतं. हाती उरला सव्वा तास, आणि तोही काहीच चुकलं नाही तर. तेच कोंदिवड्यातून साडेनऊला निघालात तर दोनच्या आत गावात, जेवून आडवं व्हायला वेळ, आणि संध्याकाळी उदयसागर तलावाकाठच्या शिवमंदिरापर्यंत रमतगमत फेरी. मजा नेमकी कोणत्या बेतात जास्त आहे?

तीन वाजताचा नियमही याच हिशेबातून येतो. तो त्याच दिवशी उतरणाऱ्यांसाठी होता; मुक्काम करणाऱ्यांना तो लागू नाही, हे लेखात त्याच परिच्छेदात आहे. तीन हा काही पवित्र आकडा नव्हे. सूर्यास्ताच्या वेळेतून झाडीचा अर्धा तास वजा करा, मग उतरण्याचा वेळ वजा करा. डिसेंबरात सहातून अर्धा आणि अडीच गेले की तीन उरतात. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या पुढे, त्यामुळे तीनचे चार होतील. पण वळवाचे ढग दुपारीच जमतात आणि उघड्या माथ्यावर विजेचा धोका खरा असतो, त्यामुळे तो तास हाताशी आला तरी वापरू नये. उतरायला चढण्याच्या निम्मा वेळ लागतो हा समज मात्र सोडून द्या. मुरमाड घसाऱ्यावर थकलेले गुडघे घेऊन उतरताना चढाच्या पाऊण वेळ सहज लागतो, आणि माणसं पडतात तीही बहुधा उतरतानाच.

रविवारची गंमत वेगळी. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बहुतेक रविवारी भर दुपारी असतो, आणि तो संपल्यावरच्या गाड्या तुडुंब भरून येतात. ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बहुधा आधीच जाहीर होतं. वर रेंजचा भरवसा नाही, म्हणून कर्जतला उतरतानाच बघून ठेवा. ब्लॉक टाळून चारनंतरची लोकल धरायची तर कोंदिवड्यात तीनला हवं, म्हणजे उधेवाडी बाराच्या आत सोडायला हवी. सकाळी सातला श्रीवर्धन (राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी एक) चढलात तर हे सहज जमतं. दुसरा, मनरंजनही करायचा असेल तर सहाला उठा.

इथेच बरेच गट फसतात. “उतार नको, लोणावळ्याकडे सपाट वाटेने जाऊ.” वाट सपाट आहे हे खरं, पण ती पंधरा किलोमीटर आहे. चार-पाच तास चालून, तुंगार्ली ओलांडून स्टेशनवर पोचल्यावर कळतं की लोणावळ्याहून मुंबईला लोकलच नाही. लोकल आहे ती पुण्याची. मुंबईसाठी एक्स्प्रेस पकडायची, आणि रविवारी संध्याकाळी तिच्या जनरल डब्यात सॅक घेऊन शिरून दाखवा. पुण्याहून येणाऱ्यांना मात्र हीच वाट सोयीची, त्यांनी उलट कर्जतच्या फंदात पडू नये.

पाण्याचं. पाच लिटर हा आकडा वर पाण्याची खात्री नसलेल्या मुक्कामाचा आहे: चालताना तीन, स्वयंपाक-चहाला एक, शिल्लक एक. राजमाचीला वर गाव आहे, तिथे तीन लिटर घेऊन निघालात तर चालेल. तीनच्या खाली मात्र जाऊ नका, कारण हिवाळा संपता संपता त्या चढावरचे ओढे कोरडे पडतात आणि उन्हात चढताना तासाला पाऊण ते एक लिटर घाम जातो. गडावरच्या टाक्यांवर एप्रिल-मेमध्ये विसंबू नये. असतं तेव्हाही ते पाणी आधी दुहेरी फडक्यातून गाळा, मग क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळावरच खर्ची पडतो, म्हणून क्रम उलटा करायचा नाही.

ओआरएसबद्दल एक चूक सर्रास दिसते. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततात, म्हणजे ‘जास्त ताकद’. एवढं दाट द्रावण उलट शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच. पाकीट नसेल तर लिटरला साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा, चमचा चहाचा.

आता तंबू, कारण तुमचा खरा राग त्यावर दिसतो. गडावर तंबूत झोपण्याचं आकर्षण मला कळतं. पण काही अडचणी मताच्या नाहीत. अनेक किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, आणि काहींवर मुक्कामाला बंदी असते. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, माहुली तानसा अभयारण्यात. अभयारण्यात कधी आणि कसं शिरायचं, राहायचं, ते वनखातं ठरवतं. हे नियम बदलत राहतात, म्हणून जुन्या व्हिडिओवर न विसंबता जाण्याआधी गावात किंवा वनखात्याच्या नाक्यावर विचारावं.

दुसरं, गडाचा माथा म्हणजे वर चार बोटं माती, खाली बेसॉल्ट. खुंट्या अर्ध्याच जातात आणि रात्री कड्यावरून वारा सुटला की उपटून येतात. तिथे ताणदोऱ्या डोक्याएवढ्या दगडांना बांधाव्या लागतात आणि तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे करावी लागते. तंबूखालचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान ठेवा. बाहेर डोकावलं तर बाहेरच्या कापडावरून ओघळणारं पाणी त्यावर साचून थेट अंथरुणाखाली येतं. आणि पहाटे आतून टपकणारं पाणी म्हणजे तंबू गळतोय असं नाही. तो तुमचाच श्वास आहे. झरोके बंद करून झोपलं की तो थंड कापडावर निवतो. थंडीतही दोन्ही बाजूंचे झरोके बोटभर उघडे हवेत.

गावातल्या अंगणात तंबू लावला की खुंटीला माती मिळते, पाणी आणि शौचालय जवळ असतं, आणि रात्री कुणाचं पोट बिघडलं तर मदतीला माणसं असतात. पण ज्यांच्याकडे उतरणार त्यांना गुरुवारीच फोन करा: किती जण, किती वाजता, जेवण शाकाहारी की कसं. सामान खालून किंवा लोणावळ्याहून आणावं लागतं. दहा जण न सांगता उगवले की पिठलं-भाकरीसुद्धा त्या घरावर ओझं होते. अंगणाचे पैसे विचारून द्या, जेवत नसलात तरी.

स्वतः रांधण्याचा आग्रह असेल तर एक गोष्ट लेखात राहून गेल्यासारखी तुम्हाला वाटली, पण ती मुद्दाम टाळली होती. रेल्वेत ज्वलनशील गॅस नेण्यास बंदी आहे आणि ट्रेकिंगचा छोटा कॅनिस्टरही त्यात आला. लोकलने जाणाऱ्यांनी स्टोव्हचा विचार सोडावा. स्वतःच्या गाडीने गेलात तर लिटरभर पाणी उकळायला साधारण पंधरा ग्रॅम गॅस धरा, वाऱ्यात दुप्पट. वारा अडवायला स्टोव्हभोवती पत्रा पूर्ण गुंडाळू नका. कॅनिस्टर तापून फुटू शकतो. एक बाजू उघडी हवी. शेकोटीबद्दल माझं मत कडक आहे: दिवाळीनंतर गवत वाळलं की ती नकोच. एक ठिणगी आणि डोंगराची अख्खी सोंड वणव्यात जाते. अग्यामोहोळं असलेल्या कड्याखाली तर धूर करणं म्हणजे स्वतःहून माश्या अंगावर घेणं.

पावसाळ्यात हे सगळं गणित वेगळं होतं, आणि तिथे मी तुमच्यापेक्षाही जास्त लवचीक आहे: बेत रद्द करायला. हवामान खात्याचा ऑरेंज इशारा साधारणपणे चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पावसाचा असतो, रेड त्याहून जास्त. घाटमाथ्यावर ऑरेंज असेल तर ओढे ओलांडावे लागणारी कुठलीही वाट नको. कातळ पाणी मुरू देत नाही, म्हणून सकाळी पोटरीपर्यंत असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. जोर असेल तर गुडघ्यावरच्या पाण्यात उतरू नका, अलीकडेच थांबा; पाऊस ओसरला की काही तासांत तो खालीही येतो. मुक्काम गावात करा हा माझा सल्लाही जुलै-ऑगस्टमध्ये सरसकट घेऊ नये. ३० जुलै २०१४ ला माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, दोन्ही गावं दरडीखाली गेली. मुसळधारेत तीव्र उताराच्या पोटात झोपणं टाळावं, घर असो वा तंबू.

आणि शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी निघायचंच असेल, तर तशा जागा आहेत. कर्जत तालुक्यातल्या आंबिवलीहून पेठ गावातून कोथळीगड: रुंद वाट, वर सुळका पोखरून काढलेला जिना, आणि सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला खाली. पनवेलजवळचं कर्णाळा. लोणावळ्याला पुणे लोकल पकडून मळवली, तिथून भाजे गावातून लोहगड. इथे तंबू नको, स्टोव्ह नको, वाटाड्याही नको. तीन लिटर पाणी, प्रत्येकाकडे स्वतंत्र बॅटरी (मोबाइलचा उजेड धरायचा नाही), आणि घरी एक मेसेज: कुठल्या वाटेने, किती जण, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं. तो मेसेज कर्जतच्या पुढे जाण्याआधी पाठवा.