प्लेटोमधला लाव्हा आला कुठून? एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा, की चंद्रावरच्या प्लेटो विवराची तटबंदी अखंड आहे, बाहेरचा लाव्हा आत शिरायला वाटच नाही. तेव्हा ज्या आघातानं विवर पडलं त्याच्या उष्णतेनं वितळलेला खडक म्हणजेच तो काळा, सपाट तळ, आणि ‘लाव्हा नंतर आला’ ही माझी उगाचची भर.

तटबंदीचं तुमचं निरीक्षण अचूक आहे. पण विहीर काही काठावरून भरत नाही, तळाला झरे फुटतात. आघातानं प्लेटोखालचं कवच तडकलं आणि पुढे कधीतरी त्याच भेगांतून बेसॉल्ट (थिजून काळा खडक होणारा लाव्हा) वर आला.

आघातात खडक वितळतो, पण तो तिथलाच. चंद्रावरचंच कोपर्निकस विवर पाहा. व्यास 93 किमी, प्लेटोपेक्षा किंचितच लहान. त्याच्याही तळावर असा वितळून थिजलेला खडक आहे, पण तो प्लेटोइतका काळा नाही आणि मधली शिखरंही शाबूत आहेत. कोपर्निकस जवळपास 3.8 किमी खोल, प्लेटो जेमतेम 2 किमी. ही तफावत कशानं भरली? प्लेटोतला काळेपणा लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या बेसॉल्टचा आहे, आणि असा बेसॉल्ट खोल प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या उष्णतेनं वितळून तयार होतो. त्याला आघाताची गरज नसते.

आता ‘नंतर’बद्दल. यातला माझा सर्वांत लाडका पुरावा प्लेटोत नाहीच, दक्षिणेच्या आर्किमिडीजमध्ये आहे. हे विवर इंब्रियम या आघातानंच बनलेल्या महाखोऱ्यात पडलं, म्हणजे खोरं आधीचं. विवरातून उडालेला राडारोडा मात्र आसपासच्या लाव्हाखाली बराचसा गाडला गेलाय, म्हणजे लाव्हा विवरानंतरचा. खोरं बनताक्षणी भरलं असतं तर आर्किमिडीज मध्ये कुठे बसवायचं? शिवाय 1971 मध्ये अपोलो 15 नं याच खोऱ्याच्या कडेवरून आणलेला बेसॉल्ट सुमारे 330 कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. खोरं साधारण 390 कोटी वर्षांपूर्वीचं. एवढा काळ आघाताची ऊब टिकत नाही!

प्लेटोचं मधलं शिखर लाव्हाखाली बुडालं हा अंदाजच, मान्य. पण चंद्राच्या पलीकडच्या बाजूचं त्सिओल्कोव्स्की विवर (1959 मध्ये लूना 3 यानाच्या छायाचित्रांत प्रथम दिसलेलं) याच प्रकारातलं आहे. तिथे लाव्हा कमी पडला, त्यामुळे काळ्या तळातून उजळ शिखर अजून बाहेर डोकावतं.

राहिली प्लेटोच्या तळावरची बारीक विवरं. ती लाव्हा थिजल्यावर पडलेली; मोठ्यातली मोठी दोन-तीन किमीची, त्यामुळे ‘सपाट’ हा शब्द मी बदलणार नाही. शुद्ध नवमीच्या सुमारास तिथे सूर्योदय होत असतो, तेव्हा तटाच्या लांब सावल्या तळावर पसरलेल्या पाहून घ्या. विवरं दिसायला मात्र सूर्य वर यावा लागतो, दुर्बीण जरा मोठी लागते आणि हवाही स्थिर असावी लागते.