३८ सेंटिमीटरची वतनदारी

गाडीवरचा पोचा समोर उभं राहून दिसत नाही. मागच्या चाकापाशी उकिडवं बसायचं, एक डोळा मिटायचा आणि पार्किंगच्या छताला लावलेल्या ट्यूबलाइटची रेघ दारावर कशी उमटलीय ते बघायचं. रेघ सरळ गेली तर दिवस चांगला. तिने मध्येच गिरकी घेतली तर तिथे पोचा. हे ज्ञान मला नव्या गाडीच्या अकराव्या दिवशी प्राप्त झालं आणि तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला मी या आसनात असतो. वॉचमन मामांना पहिले काही दिवस वाटलं, साहेबांनी योगा सुरू केला.

आमची सोसायटी कोथरूडची, १९९४ सालची. तेव्हा घरटी एक स्कूटर असायची आणि बिल्डरने पार्किंग त्याच हिशेबाने बांधलं. आता त्याच दोन खांबांच्या मध्ये दोन मोटारी बसवायच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निकाल दिला, की बिल्डरला स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग फ्लॅटसारखं सुटं विकता येत नाही. पण आमच्याकडे त्या जागांवरून जी भांडणं होतात ती ऐकली तर वाटावं, प्रत्येकाला पेशव्यांनी सनद लिहून दिलीय. शेवटी एका जनरल बॉडीत (चहा दोनदा झाला) ठरलं, की सध्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाला अडीच मीटर बाय पाच मीटर. पांढरे पट्टे मारले. माझी स्विफ्ट आरसे सोडून १७३५ मिलिमीटर रुंद. वजाबाकी करा, दोन्हीकडे वाटून घ्या. एका बाजूला ३८ सेंटिमीटर येतात. एवढ्यात दार किलकिलं करून, पोट आत ओढून, एका हातात लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्या हातात दुधीभोपळा घेऊन बाहेर निघायचं. हे ज्याला जमलं त्याला पुण्यात कुठेही जागा मिळेल.

माझ्या डावीकडे खांब आहे. त्याला मी घरातली जुनी सिंगल गादी सुतळीने बांधली. आल्यागेल्याला वाटतं खांबाला बरं नाही. उजवीकडे शेजारचे काका, म्हणजे त्यांची गाडी. काका बँकेतून रिटायर झालेत, अत्यंत सभ्य माणूस, पण गाडीचं दार उघडताना अजून स्ट्राँगरूमचं दार उघडल्यासारखं उघडतात. माझ्या उजव्या बाजूला चार महिन्यांत तीन पोचे आले. मी वही घातली. तारीख, वेळ, जमिनीपासून उंची. मग रात्री टेप घेऊन आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांच्या दारांच्या कडा मोजल्या. पहिला पोचा दारांच्या मानाने फारच वर होता, तो बहुधा एक टप्पा आउटवाल्यांचा. ("काका, बॉल!" असं ओरडून पोरं गाडीखाली शिरतात, त्यात गाडी शोकाकुल आहे की काय हे कोणी बघत नाही.) उरलेले दोन ६१ सेंटिमीटरवर होते आणि काकांच्या मागच्या दाराची कडा अगदी तिथेच फुगते. मी काही बोललो नाही. फक्त जिन्यात भेटले की "काय काका, दार कसं आहे?" असं विचारू लागलो.

इंटरनेटवर एक जण उकळतं पाणी ओतून पोचा काढताना दिसला. आमच्या हिने दोन पातेली तापवून दिली, मी ओतली. दार ढिम्म. मग बाथरूमचा रबरी पंप लावून ओढलं, तर पोच्याभोवती एक सुबक गोल वर्तुळ उमटलं. डेंटिंगवाल्याने ते बघितलं आणि पोराला हाक मारली, "ए, इकडे ये, हे बघ." मग मला समजावलं: गरम पाण्याची युक्ती प्लास्टिकच्या बंपरला चालते, प्लास्टिक मऊ पडतं म्हणून. दार पत्र्याचं. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर, त्यावर रंगाचे सगळे थर मिळून दीड-दोन केसांच्या जाडीचे. रंग शाबूत असेल तर आतून सळई घालून पोचा वर ढकलता येतो, नाहीतर पुटीन आणि पेंट, पॅनेलचे साडेतीन हजार. तेवढ्यात त्याचं लक्ष बॉनेटवर गेलं. "कव्हर घालता?" मी अभिमानाने हो म्हणालो. "रोज? न धुता?" कव्हरखालची धूळ, वर वारा, म्हणजे गाडीला रात्रभर हळूहळू पॉलिशपेपर. उन्हात धरली तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे. ते कव्हर मी बाराशेला घेतलं होतं आणि त्यावर सोसायटीची मांजर झोपते.

विम्याचाही विचार केला. साडेतीन हजारांतले पहिले एक हजार आपलेच. उरले अडीच. पण क्लेम केला की वर्षभर सांभाळलेला २० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, माझ्या हप्त्यात तो बावीसशेचा. निव्वळ फायदा तीनशे रुपये. त्यासाठी फॉर्म, फोटो, सर्व्हेअर, आणि पुढच्या वर्षी २५ टक्क्यांऐवजी पुन्हा विसापासून सुरुवात. पोचे राहिले. त्यांची सवय होते, असं म्हणतात. मला झाली नाही.

गेल्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. काका. हातात शिंप्याची टेप.

"जरा खाली येता का? माझ्या दारावर एक आलाय. ५८वर."

मी वही घेऊनच उतरलो. दोन्ही विंगच्या गाड्या त्यात होत्या, दूधवाल्याचा टेम्पो होता. पानं उलटत राहिलो आणि लक्षात आलं, एकच गाडी नाही. काकांनी काही न बोलता टेपचं एक टोक जमिनीला लावलं, दुसरं माझ्या ड्रायव्हरच्या दाराच्या कडेला. अंगठा अठ्ठावन्नावर.

"कडेला रबर नाही लावलंत?"

रबर मी बघितला होता दुकानात. चार दारांचा सेट दीडशे रुपये. घेतला नव्हता, कारण कडेला रबर लावून माझ्या गाडीचा पोचा वाचत नव्हता. हे मी काकांना सांगितलं नाही. म्हटलं, "उंची जुळली म्हणून लगेच काही सिद्ध होत नाही काका."

"अगदी बरोबर," काका म्हणाले. "म्हणूनच मी इतके दिवस जिन्यात तुम्हाला काही म्हणालो नाही. बसा खाली. नाही, तिथून नाही दिसणार, चाकापाशी. आता एक डोळा मिटा."

मी उकिडवा बसलो. शेजारी काका बसले, गुडघ्यांचा आवाज करत. त्यांच्या पांढऱ्या दारावरून ट्यूबलाइटची रेघ सरळ येत होती आणि हँडलच्या जरा खाली तिने छानपैकी गिरकी घेतली.

मामा गेटवरून बघत होते. "आजपासून जोडीनं का, साहेब?"